तिसऱ्या खिडकीखालचा दगड

माझा भाऊ लाडी फेब्रुवारीत गेला. पेपरात चार ओळी आल्या. लाडिमीर वाव्रा, वय चौऱ्याहत्तर, विधानभवनाचे निवृत्त पाथरवट, मागे एक बहीण. ती मागे राहिलेली बहीण म्हणजे मी, अल्बीना. मी पेपरवाल्या मुलीला फोन केला. म्हटलं, अगं छत्तीस वर्षं त्याने त्या इमारतीवर काम केलंय, चार ओळीत कसं भागवलंस? मुलगी चांगली होती. म्हणाली, "सांगा ना आजी, घालते मी. कुठला भाग बांधला त्यांनी?"

मला सांगता येईना. बांधला कुठलाच नव्हता. इमारत त्याच्या जन्माच्या आधी पन्नास-साठ वर्षं उभी होती. तो फक्त ठिगळं लावायचा. ते सांगितलं तर ती म्हणाली, "मग एखादं दाखवा. फोटोवाल्याला पाठवते."

मी म्हटलं बघून सांगते, आणि फोन ठेवला. परत केला नाही. मला त्याच्या हातच्या एकाच दगडाची जागा ठाऊक होती, आणि तो लाडीला कोणालाच दाखवायचा नव्हता.

त्या दगडाचं सांगायचं तर आधी इमारतीचं सांगावं लागेल.

पहिलं विधानभवन लाकडाचं होतं. एका जानेवारीत आमदारांनी शेगडी फार पेटवली आणि सकाळपर्यंत सगळं खाक झालं. मग ठरलं की आता दगडाचं बांधायचं. दगड आमच्या टाबोर बेंड गावच्या खाणीतून आला. तिथे सगळी युरोपातून आलेली चेक माणसं, आमचा पणजोबा त्यातलाच. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, त्यात नखाएवढे शिंपले. हा सगळा मुलूख कधीकाळी समुद्राखाली होता म्हणतात. खाणीतून रुळाचा फाटा काढला होता आणि दिवसाला दोन गाड्या भरून दगड यायचा. नऊ वर्षं आला. भिंती झाल्या, खांब झाले, पायऱ्या झाल्या, आणि घुमटाच्या मानेपर्यंत बांधकाम पोचलं तर खाणीत पाणी लागलं. चांगला थर पाण्याखाली गेला तो गेलाच. घुमट मग दुसरीकडच्या दगडाने पुरा केला. म्हणून आमच्या विधानभवनाचं अंग मधासारखं आणि डोकं राखाडी आहे. बाहेरगावचे लोक म्हणतात मुद्दाम केलंय, छान दिसतं. आमच्या गावचे काही बोलत नाहीत.

खाणीत आता मासे पकडतात. त्यामुळे नवा दगड मिळत नाही, आणि लाडीचं काम तिथूनच सुरू व्हायचं. जुना पूल पाडला, जुनी शाळा पाडली की तो ट्रक घेऊन हजर. त्याच खाणीचा दगड असला की उचलून आणायचा. विधानभवनाच्या तळघरात त्याची खोली होती, तिथे हे दगड मांडून ठेवलेले, एखादी बाई कापडाचे तुकडे ठेवते तसे. भिंतीतला एखादा कोपरा फुटला, कुठे बर्फाने चीर गेली, की तेवढाच भाग चौकोनी कापून काढायचा. मग खोलीत जाऊन तसाच रंग, तसेच शिंपले, तशीच रेघ असलेला तुकडा शोधायचा. कधी कधी चार दिवस नुसता शोधतच असायचा. तो बसवायचा, दरज केसाएवढी, आणि मग वरून गटाराजवळची माती नि शिळी कॉफी चोळायची, म्हणजे नवेपण जाईल.

त्याला हे शिकवलं ओटो ग्रीमने. ओटो म्हणजे आधीचा पाथरवट, मोठा तोंडाळ म्हातारा. लाडी नोकरीला लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी ओटोने त्याला भिंतीपुढे उभं केलं आणि विचारलं, "माझं काम दिसतंय?"

लाडी म्हणाला, "नाही."

"मग मला पगार कशाला देतात असं वाटतं तुला?"

"तेच विचारणार होतो," लाडी म्हणाला.

ओटोला हे इतकं आवडलं की त्याने लाडीला स्वतःची जुनी छिन्नी दिली. असं लाडी सांगायचा. आयुष्यातला एवढाच एक विनोद तो स्वतःहून सांगायचा.

लाडी बोलत नसे. घुमा नव्हता, विचारलं की उत्तर द्यायचा, पण उत्तर देऊन झालं की झालं. जेवणाचा डबा घेऊन तो दोन घुमटांच्या मध्ये जाऊन बसायचा. विधानभवनाला घुमट दोन आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आत उभं राहून वर बघितलं की दिसतो तो आतला, रंगवलेला, त्यात गव्हाच्या पेंढ्या नि देवदूत. बाहेरून गावाला दिसतो तो वेगळाच, त्याच्यावर पालथा घातलेला, खूप मोठा. मधल्या पोकळीत लोखंडी फासळ्या आणि एक गोल जिना. एकदा मला घेऊन गेला होता. एका बाजूला देवदूतांची पाठ, नुसतं खरबरीत प्लास्टर. दुसऱ्या बाजूला राखाडी दगडाची पाठ. आतल्यांना बाहेरचा घुमट दिसत नाही, बाहेरच्यांना आतला नाही, आणि मध्ये आमचा लाडी सॉसेज-पाव खातोय. फासळ्यांवर बांधणाऱ्यांची नावं होती, पेन्सिलीने लिहिलेली, तारखा टाकलेली. मी म्हटलं, तुझं कुठंय? म्हणाला, "मी कुठे काय बांधलंय?"

लग्न केलं नाही त्याने. छपाई खात्यातली लोरीन म्हणून एक होती, तिच्याबरोबर दोन वर्षं दर शुक्रवारी तळलेला मासा खायला जायचा. मग ती बदली घेऊन गेली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "तिला बोलणारं कोणीतरी हवं होतं." रागाने नाही बोलला. हवामान सांगावं तसं बोलला.

विधानभवनाच्या मागच्या गल्लीत न्हाव्याच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या होत्या. रविवारी चर्च झालं की माझ्याकडे जेवायला. माझा नवरा गेल्यावर आम्ही दोघंच असायचो टेबलाशी. मी बदक भाजायची, खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, करायची. आणि आता जे सांगते त्याचा मला कितीतरी वर्षं राग होता. पाऊस पडत असला की लाडीचं जेवणात लक्ष नसायचं. खिडकीकडे बघत राहायचा. पाऊस थांबला रे थांबला की हातातला कोलाचा अर्धा ठेवून उठायचा. "जरा फिरून येतो." आणि टोपी घालून बाहेर. तास-दीड तास. माझी कॉफी थंड. मला वाटायचं, आठवड्यातून एक दिवस येतो, तोही याला माझ्यासमोर बसवत नाही. एकदा, एकदाच, दारात थांबून म्हणाला, "येतेस?"

मी म्हटलं, "भांडी कोण घासणार?"

"बरं," म्हणाला, आणि गेला.

आता तो दगड.

लाडीच्या नोकरीच्या पहिल्याच वसंतात ओटोला मूतखडा झाला. सगळं विधानभवन हसत होतं, पाथरवटाच्या पोटात दगड म्हणून. ओटो तीन आठवडे इस्पितळात, आणि उत्तरेच्या दारापासून तिसऱ्या खिडकीखाली एक दगड बदलायचा होता, छातीच्या उंचीला. लाडीने तो एकट्याने बदलला. फार खुश होता. रेल्वेच्या जुन्या पुलाचा दगड, रंग तंतोतंत जुळलेला.

दगड खाणीत थराथराने झोपलेला असतो, वहीची पानं असतात तसा. भिंतीत लावताना तसाच झोपवायचा, थर आडवे, म्हणजे वरचं वजन त्यांना दाबून धरतं. उभा लावला आणि पानं बाहेरच्या बाजूला आली, तर पाणी शिरतं, गोठतं, आणि एकेक पान सुटून येतं. म्हणून खाणीतली माणसं दगडाच्या पाठीवर एक बाण कोरायची, वर कुठे ते कळायला. लाडीने मापाला कापताना बाणाची बाजूच कापून टाकली. रंग बघत होता, बाण बघायचा राहिला. आणि दगड उभा लावला.

पाच हिवाळे काही झालं नाही. सहाव्या हिवाळ्यानंतर तळहाताएवढा पापुद्रा निघाला. ओटो बघायला आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या इमारतीत कोणी झोपायचं ते ठरलेलं आहे, लाडी. आमदार आत झोपतात, दगड बाहेर झोपतात. तू दगड उभा केलास. आता तो पडेपर्यंत तुझ्याकडे बघत उभा राहणार."

काढू म्हणाला लाडी. ओटो म्हणाला, "राहू दे. रोज बघत जा. दुसरी चूक करणार नाहीस." ओटोने ते थट्टेत म्हटलं असेल. पुढे तो निवृत्त झाला, वारला, आणि तोवर नियम आला की प्रत्येक दुरुस्तीला फॉर्म भरायचा, त्यात कारण लिहायचं, साहेबाची सही घ्यायची. लाडीने या दगडाचा फॉर्म दिला नाही.

हे सगळं मला जानेवारीत कळलं, इस्पितळात. त्याच्या फुप्फुसांत दगडाची धूळ, बोलताना धाप लागायची, आणि आयुष्यात बोलला नव्हता तेवढं त्या दोन दिवसांत बोलला. विधानभवनाच्या दुरुस्तीचं मोठं काम निघालं होतं, बाहेरच्या राज्यातली मंडळी आली होती, पूर्वेकडून सुरुवात करून परांची हळूहळू फिरवत आणत होती. तो म्हणाला, "उत्तरेला आले की सांग त्यांना. तिसरी खिडकी. उभा लागलाय म्हणावं. माझा आहे म्हणून सांग."

"सांगते," मी म्हटलं.

"नक्की सांग, अल्बी. मला लाज वाटते त्याची."

"सांगते म्हटलं ना. पाणी पी."

मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर, मी पहिल्यांदा तो बघायला गेले. उत्तरेच्या दाराकडे कोणी जात नाही, ऊन नसतं तिथे. तिसरी खिडकी. लगेच सापडला. बाकी भिंत सपाट आणि हा आत गेलेला, वाटीसारखा खोलगट, कडा पापुद्र्यांच्या. मी हात ठेवला. म्हटलं, हा घे, हा आहे माझा भाऊ. बाकी सगळीकडे तो इतका छान मिसळून गेला होता की कुठेच नव्हता. दफनभूमीत पाटी आहे त्याच्या नावाची, पण ती मशीनने कोरलेली.

दुसऱ्या दिवशी मी घडीची खुर्ची नेली. मग रोजच जायला लागले. घरी बसून तरी काय करायचं होतं. रविवारी एकटीसाठी बदक भाजत नाही कोणी.

मर्ल टिस्डेल तिथला माळी, लाडीच्या बरोबरचा, अजून काम करतो. आठवडाभर लांबून बघत होता, मग कॉफीचे दोन कप घेऊन आला. "अल्बीबाई, कशाच्या विरोधात बसलात?"

"कशाच्याच नाही."

"बरं झालं. विरोध असला की परवानगी काढावी लागते. आणि तो दक्षिणेच्या पायऱ्यांवर करायचा असतो, तिकडे कॅमेरे येतात."

"इथे कोण येतं?"

"इथे मी आणि खारी," मर्ल म्हणाला. बसला थोडा वेळ. कॉफी संपली तसा उठला. दगडाचं त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

मे महिन्यात ग्रासिएला आली. दुरुस्तीवाल्यांची मुख्य पाथरवट, पन्नाशीची, डोक्याला रुमाल, खिशात निळा खडू. एकेक दगड हातोडीच्या दांड्याने ठोकायची, कान लावायची, आणि बदलायचा असेल त्यावर निळी फुली. खिडकी एक, खिडकी दोन. माझ्यापाशी येऊन थांबली.

"दोन्या, खुर्ची जरा सरकवता का?" तिच्याकडे वयाच्या बाईला दोन्या म्हणतात. "मागचे बघायचेत मला."

सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, हिने फुली मारली की संपलं. छान नवा दगड येईल, आडवा झोपलेला, आणि मग मी कुठे जाऊन बसू?

"गुडघे धरलेत गं," मी म्हटलं. "एकदा बसलं की उठवत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, खांद्यावरून मागे वाकून बघायचा प्रयत्न केला, मी अंगावरची शाल सारखी केली आणि पसरून बसले. "हरकत नाही," म्हणाली. "नंतर येते."

दोन दिवसांनी आली. मी होतेच. गुडघे तसेच. तिच्या यादीत हजारो दगड होते, एका म्हातारीसाठी किती वेळा येणार? पुढे निघून गेली. त्या दिवशी सकाळी चर्चच्या बागेत मी दोन तास गुडघ्यांवर बसून कांदे लावले होते.

उन्हाळाभर त्यांनी फुल्यांचे दगड काढले आणि बसवले. माझ्या दगडावर फुली नव्हती. परांची उभी राहिली तर मी तिच्या खाली, लायलॅकच्या झुडपाजवळ खुर्ची नेली. मन खात नव्हतं असं नाही. पण सांगायचं रोज उद्यावर टाकत होते. मनाशी म्हणायची, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो.

ऑगस्टच्या शेवटी चर्चमध्ये जुने कपडे गोळा करत होते, म्हणून मी लाडीची खोकी काढली. मार्चपासून तशीच पडून होती गॅरेजमध्ये. कामाचे कोट तीन. प्रत्येकाच्या उजव्या खिशात दगडाचा चुरा. आणि कोटांखाली कॉफीचा मोठा डबा, उचलवेना इतका जड. मला वाटलं खिळे असतील.

पापुद्रे होते. मधाच्या रंगाचे, काही बिस्किटाएवढे, काही नखाएवढे, काहींत शिंपल्याचे अर्धे तुकडे. डबा गच्च. मला कळायला वेळ लागला. रोज सकाळी कामावर जाताना तो त्या दारावरून जायचा, सुटलेला पापुद्रा दिसला की काढून खिशात टाकायचा. भिंतीखाली पडलेला कोणाला दिसू नये म्हणून. निवृत्त झाल्यावरसुद्धा. कोट तेव्हाही हेच घालायचा.

झाकणाच्या आत चार घड्या घातलेला एक कागद होता. दुरुस्तीचा फॉर्म, सगळा भरलेला, त्याच्या चौकोनी अक्षरात. तारीख एकोणीसशे एक्क्याण्णवची. जागा: उत्तर, तिसरी खिडकी. कारण: पाथरवटाने दगड उभा लावला. पाथरवटाचे नाव: ला. वाव्रा. साहेबाच्या सहीची जागा कोरी. घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की बोट लावलं तरी फाटेल. किती वेळा उघडला आणि मिटला असेल कोणास ठाऊक.

मी गॅरेजमध्ये खोक्यावर बसून राहिले. ज्या जागी मी उन्हाळाभर भावाला भेटायला जात होते, तिथून तो चाळीस वर्षं मान खाली घालून जात होता. आणि मी त्याची ती लाज शालीने झाकून सांभाळत होते, मला सोबत हवी म्हणून.

सकाळी गेले तर उत्तरेची परांची उतरवत होते. वरचे दोन मजले सुटले होते. ग्रासिएला खाली उभी राहून माणसांना ओरडत होती. मी खुर्ची नेली नव्हती. तिच्या हातात कागद दिला.

तिने हातमोजे काढले, कागद नीट धरून वाचला. मग खिडकीखाली जाऊन दगडाकडे बघितलं, अंगठा फिरवला. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"तुमचे कोण?"

"भाऊ."

"माझाही एक दगड आहे असा," ती म्हणाली. "टेक्ससला, एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. नशीब की उंचावर आहे, कोणी जवळून बघत नाही." मग कागद परत दिला. "तुम्ही मुद्दाम बसला होतात."

"हो."

"गुडघे?"

"चांगले आहेत."

"मला वाटलंच. शाल सारखी करताना हात कसे झटकन चालले." तिने वर तोंड करून माणसांना हाक मारली, खालचा मजला राहू द्या म्हणाली. "यादी बंद झालीय. पण एक दगड उरलाय माझ्याकडे तुमच्या खाणीचा, आणि आजची सकाळ आहे."

कापताना धूळ उडू नये म्हणून त्यांनी आधी नळी लावून भिंत भिजवली. खिडकी एकपासून पाचपर्यंत, जमिनीपासून वरच्या पट्टीपर्यंत. सगळी भिंत गर्द तपकिरी झाली, भिजलेल्या पावासारखी. मग करवतीला काहीतरी झालं, एकजण पातं आणायला गेला, आणि आम्ही लायलॅकपाशी थांबलो.

"बघताय ना?" ग्रासिएला म्हणाली.

"काय?"

"भिंत. बघा, सुकायला लागली."

पहिल्या खिडकीच्या कोपऱ्यात एक फिका चौकोन आला. मी बघतेय तोवर दुसरा. मग खाली एक लांबट, मग खिडकीच्या कमानीत एक त्रिकोण, पत्त्याएवढा. "जुना दगड पाणी पितो आणि धरून ठेवतो," ती सांगत होती. "ठिगळ तेवढं पीत नाही, आधी सुकतं. आम्ही बदललेले त्या पट्टीच्या वर आहेत, हे सगळे त्यांचे. किती सुंदर बसवलेत बघा. तो त्रिकोण बघा. वेडा माणूस होता तुमचा भाऊ." एकापाठोपाठ एक येत होते. अख्खी भिंत भरली. जिथे मी पाच महिने पाठ करून बसले होते, तिथे माझ्या डोक्याच्या वर, खांद्याच्या दोन्ही बाजूंना लाडीच होता.

"आम्हाला हे एवढंच बघायला मिळतं," ग्रासिएला म्हणाली. "पाऊस थांबला की दहा-पंधरा मिनिटं. जवळ घर असलं की जातोच आम्ही. एकटेच जातो. घरच्यांना काय सांगणार, भिंत वाळते ती बघायला चाललोय?"

मी लायलॅकची फांदी धरून उभी राहिले. ती म्हणाली, "बसता का? खुर्ची आणू?" मी नको म्हटलं.

येतेस, असं विचारलं होतं त्याने. टोपी हातात होती.

मग जुना दगडही सुकायला लागला. चौकोन कडांनी पुसट झाले. तो कमानीतला त्रिकोण सगळ्यात शेवटी गेला. पातं आलं, त्यांनी करवत लावली. लाडीचा दगड अख्खा निघाला नाही, पानं पानं सुटली. ग्रासिएलाने नवा बसवण्याआधी मला जवळ बोलावून पाठीवरचा बाण दाखवला, आमच्या कोणा पणजोबाने कोरलेला. बाण वर. थर आडवे. मी मान हलवल्यावर तिने दगड आत सरकवला, कॉफी नि माती चोळली, आणि लाडीच्या फॉर्मवर साहेबाच्या जागी स्वतःची सही केली. तिला तो अधिकार नव्हता. पण आता त्या कागदावर सही आहे.

दुसऱ्या आठवड्यात गेले तर तिसरी खिडकी मोजूनसुद्धा मला दगड सापडेना. खुर्ची कुठे ठेवावी कळेना. घरी घेऊन आले.

ऑक्टोबरात एका रविवारी पाऊस पडला. मी एकटीच जेवत होते, सूप आणि पाव. थांबला तशी उठले, भांडी तशीच टाकली, टोपी घातली. मर्ल पानं ओढत होता.

"खुर्ची नाही आणली आज?"

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

एकेक चौकोन येत गेला. ग्रासिएलाचा सगळ्यात फिका, मधोमध, बाकीचे सगळे लाडीचे. मी त्रिकोण जाईपर्यंत उभी राहिले. मग भिंत वाळली, आणि मी घरी येऊन भांडी घासली.